पोटावर उतरलेलं मस्टँग

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो असा: ‘जुनी लढाऊ विमानं उडवावीत की संग्रहालयात जपावीत?’ त्यावर येणारच आहे. पण आधी एक तक्रार ऐकून घ्या. एअर शोमध्ये असं एखादं विमान शेतात उतरलं की आपल्याकडे बातमी ठरलेली असते: ‘चाके न उघडल्याने विमान कोसळले’. एका ओळीत दोन चुका. ते कोसळलेलं नसतं, उतरवलेलं असतं. आणि चाकं बहुतेक वेळा वैमानिकानेच मुद्दाम आत ठेवलेली असतात.

डक्सफर्ड घ्या. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या दक्षिणेला, इम्पिरियल वॉर म्युझियमचा विमानतळ. त्याच्या पूर्व टोकाला एम-११ मोटरवे आहे. हा रस्ता बांधताना धावपट्टीचा तुकडाच कापला गेला, तेव्हा तो लक्षात ठेवा. जुलै २०१७ मध्ये तिथल्या ‘फ्लाइंग लेजंड्स’ शोमध्ये ‘मिस वेल्मा’ नावाच्या पी-५१डी मस्टँगच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लढाऊ विमानाच्या, इंजिनाने दगा दिला. धावपट्टी गाठणं शक्य नव्हतं. विमान अलीकडच्या शेतात पोटावर टेकलं. प्रोपेलरची पाती वाकली, पोट खरवडलं, वैमानिक सुखरूप. (आपल्याकडे शेत म्हटलं की उसाचा फड निघाला असता. तिथे पोटाचाही उपयोग नाही.)

आता त्याच विमानतळावरचं दुसरं उदाहरण. १२ ऑक्टोबर १९९७, जर्मन मेसरश्मिट १०९ जी-२, ‘ब्लॅक सिक्स’. १९४२ साली उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रनच्या हाती लागलेलं हे अस्सल विमान. त्याची दुरुस्ती १९७२ ला सुरू झाली आणि ते उडालं १९९१ ला. एकोणीस वर्षं! आपल्याकडे तेवढ्यात एखादा उड्डाणपूल झाला असता. (हशा) बरं, कदाचित नसता. तर त्या दिवशी एअर चीफ मार्शल सर जॉन ॲलिसन ते उडवत होते. इंजिनात बिघाड झाला, विमान मोटरवेवरून पलीकडे गेलं आणि चाकं बाहेर असताना शेतातल्या मऊ मातीत टेकलं. शेवटी उलटं झालं, चाकं आभाळाकडे. ॲलिसन वाचले. पण १०९ ची कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण, बाजूला बिजागरीवर उघडते. विमान उताणं पडलं की ती उघडायला जागाच उरत नाही. अशा वेळी पेट्रोल पेटलं तर काय, याचा विचार करा.

उलटं का होतं? या विमानांना दोन मोठी चाकं पुढे आणि एक छोटं शेपटीला. गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या जरासाच मागे, पण चांगलाच वर. चाक मातीत रुतलं की खालचा भाग थांबतो, वरचा धावतच राहतो. उतारावर सायकलचा फक्त पुढचा ब्रेक करकचून दाबल्यासारखं. पोटावर मात्र विमान घसरतं, आणि घसरताना थांबायला अंतर मिळतं. सगळा खेळ त्या अंतराचा आहे. सेकंदाला चाळीस मीटर, म्हणजे ताशी साधारण १४५ किलोमीटर वेगाने टेकलात आणि शंभर मीटर घसरत थांबलात, तर शरीरावर सरासरी एक जीपेक्षाही (एक जी म्हणजे आपल्याच वजनाइतका) कमी भार येतो. तेच नालीच्या काठावर आदळून दोन मीटरात थांबलात तर चाळीस जी. पट्टे कितीही चांगले असोत.

म्हणून नियम सोपा: पक्की धावपट्टी नक्की हातात असेल तरच चाकं बाहेर. शंका असेल तर आत. शिवाय चाकं बाहेर काढली की हवेचा रोध वाढतो, तरंगण्याचा पल्ला घटतो, आणि विचार बदलला तरी ती परत आत घ्यायला वेळ नसतो.

आता कॉकपिटमध्ये बघू. मस्टँग ताशी ३०० मैलांनी प्रेक्षकांसमोरून जातंय आणि इंजिन खोकलं. पहिलं काम, नाक वर. वेगाचं उंचीत रूपांतर. ३०० वरून १७५ मैलांवर येताना कागदावर सहाशे मीटर उंची मिळते; रोधामुळे प्रत्यक्षात बरीच कमी, पण तीच तुमची शिल्लक. मग प्रोपेलरचा दांडा मागे, म्हणजे पाती जाड कोनात, हवेला कमीत कमी अडवतील अशी. हे लगेच करायचं, कारण पात्यांचा कोन इंजिनाच्याच तेलाच्या दाबावर बदलतो. तेल गेलं की पाती बारीक कोनात जाऊन बसतात आणि चार पात्यांची ती चकती हवेत ब्रेक लावून धरते. मग टाकी बदला, पंप बघा, थ्रॉटल एकदा मागेपुढे करा. नाही आलं इंजिन, तर नाद सोडा. कॅनॉपी फेका, खांद्याचे पट्टे लॉक करा. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या, सगळ्यात शेवटी, शेत नक्की गाठणार याची खात्री झाल्यावर. टेकण्याआधी इंधन, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र), बॅटरी बंद.

आणि काटे? पांढरी वाफ म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं द्रव, चाललंय, काचेवर काळं म्हणजे तेल. पण कूलंट पूर्ण संपलं की तापमानाचा काटा उलट खाली येऊ शकतो, कारण सेन्सरभोवती द्रवच उरत नाही. काटा उतरला म्हणून वैमानिक निर्धास्त झाला, तर घात. मस्टँगचा रेडिएटर पोटाखालच्या मोठ्या तोंडात असतो. पोटावर उतरताना पहिला तोच चिरडतो, आणि पाण्यावर तर तेच तोंड पाणी गिळून विमान खाली खेचतं. म्हणून पाण्यावर उतरवायचं नाही, उडी मारायची...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय पाच मिनिटांत!

थोडक्यात माझं मत: मस्टँग उडवा, ‘ब्लॅक सिक्स’सारखी नका उडवू. मस्टँगं पंधरा हजारांहून जास्त बनली. पॅकार्ड मर्लिनची, म्हणजे मस्टँगच्या इंजिनाची, ओव्हरहॉल करणारे कारखाने आहेत, सुटे भाग आजही नव्याने घडवले जातात. पोटावर उतरलं तर इंजिन उतरवून तपासायचं, रेडिएटर नवा, पाती नवी, पत्रा नवा. खर्च मोठा, पण तो मालकाचा. अस्सल, लढाईतून आलेलं, जोडीला दुसरं नाही असं विमान मोडलं तर नवा भाग बसवता येतो, पण मग जपण्यासारखं जे होतं तेच कमी होतं. ‘ब्लॅक सिक्स’ शेवटी संग्रहालयातच गेलं, फक्त आधी पुन्हा दुरुस्त व्हावं लागलं.

‘लोकांच्या जिवाला धोका’ हा आक्षेप खरा आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये शोरहॅमच्या एअर शोत हॉकर हंटर हे जेट विमान ए-२७ नावाच्या रस्त्यावर पडलं, अकरा माणसं गेली. हंटर आपल्या हवाई दलातही होतं, इथे बसलेल्या काहींनी पाहिलं असेल. त्यानंतर ब्रिटनने नियम कडक केले, ते योग्यच. पण तिथे इंजिन बंद पडलं नव्हतं, लूप, म्हणजे हवेतलं उभं वर्तुळ, चुकला. दोन्ही एका मापाने मोजू नका. लूपसाठी उंची आणि वेग आधीच ठरवून द्यावे लागतात. इंजिनासाठी कसरतीची रेघ अशी आखावी लागते की प्रत्येक वळणावर समोर मोकळं शेत असेल.

स्लाइड राहिल्याच. चहाच्या वेळी पात्यांचे फोटो लावतो. बघताना एवढं ओळखा: टोकं पुढे वळलेली असतील तर टेकताना इंजिन जोर देत होतं, मागे वाकलेली असतील तर नव्हतं. लाकडी पाती असतील तर त्यांचे तुकडेच झालेले दिसतील, आणि त्यात इंजिनाच्या क्रँकशाफ्टला धक्का कमी बसतो.