मॉडेल बदलण्याआधी टूलचं डिस्क्रिप्शन उघडा

नमस्कार मंडळी. विषय तुम्हाला माहितीच आहे, ट्रबलशूटिंगचा डेटाबेस शोधणाऱ्या एआय एजंटसाठी टूलचं डिस्क्रिप्शन कसं लिहायचं. टूल म्हणजे एजंटमागच्या मॉडेलला वापरता येणारं फंक्शन, आणि डिस्क्रिप्शन म्हणजे ते काय करतं हे मॉडेलला सांगणारा मजकूर. त्याकडे येतोच, पण आधी एक किस्सा सांगू दे, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

एक सपोर्ट टीम, नाव राहू दे. वर्षानुवर्षांची टिकिटं, रनबुकं म्हणजे बिघाड झाला की काय करायचं त्याच्या लिखित पायऱ्या, सगळं एका डेटाबेसमध्ये साठवलेलं, आणि रात्री ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाला की उठायची पाळी असणाऱ्याला मदत व्हावी म्हणून त्यांनी एजंट बसवला. त्याला एकच टूल दिलं, नाव 'सर्च', डिस्क्रिप्शन 'नॉलेज बेसमध्ये शोधतं', पॅरामीटर एक, 'क्वेरी', टाइप स्ट्रिंग, म्हणजे कुठलाही मजकूर. झालं, संपलं! हसू नका, तुमच्यापैकी काहींच्या कोडमध्ये आत्ता हेच असणार.

तर एका रात्री कुबरनेटीसवर, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या सिस्टिमवर, एक कंटेनर (अ‍ॅप चालवणारं बंदिस्त पॅकेज) सारखा मरत होता, एक्झिट कोड १३७. इथल्या निम्म्या लोकांना पाठ असेल, १२८ अधिक ९, म्हणजे सिगकिल, प्रोसेस जबरदस्तीनं मारणारा सिग्नल नंबर ९, आणि बहुतेक वेळा मेमरी लिमिट ओलांडली म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलनं उडवलेला. त्यावरचं रनबुक डेटाबेसमध्ये होतं हो, शीर्षकातच '१३७' आणि 'ओओएमकिल्ड', म्हणजे मेमरी संपली म्हणून मारलेला, असं लिहिलेलं! एजंटनं शोधलं काय? 'डिप्लॉयमेंटनंतर सर्व्हिसचा कंटेनर वारंवार रिस्टार्ट होतोय, कारण काय असू शकेल'. अख्खं वाक्य. आणि मागे बसलाय साधा कीवर्ड सर्च, सगळे शब्द जुळले तरच निकाल देणारा. निकाल शून्य. एजंटनं ठामपणे लिहिलं, 'या समस्येची कुठेही नोंद नाही', आणि ऑन-कॉल असलेल्या त्या बिचाऱ्या मुलीला नेटवर्क तपासायला पाठवलं.

मग मीटिंग. ठरलं काय, तर मॉडेल बदला. बदललं, पुन्हा तेच. मग कोणीतरी म्हणालं एम्बेडिंगवाला, म्हणजे शब्दांऐवजी अर्थ जुळवणारा सर्च लावा, तोही लावला, तर आता १३७ शोधलं की १४३ चं रनबुक वर यायला लागलं, कारण दोन्ही 'कंटेनर बंद पडला' याच अर्थाचे. १४३ म्हणजे सिगटर्म, कोणीतरी रीतसर थांबायला सांगितलंय, इलाज पूर्ण वेगळा. एवढं सगळं झालं पण डिस्क्रिप्शनची ती एक ओळ कोणी उघडून बघितली नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण रात्री जागणारा माणूस त्या ओळीवर अवलंबून असतो आणि ती लिहिली जाते रिलीजच्या आधी शेवटच्या पाच मिनिटांत.

मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. जून २०२३ मध्ये ओपनएआयनं फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलला टूल वापरू देण्याची सोय आणली, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं एमसीपी, म्हणजे एआयला टूल जोडायचं एक स्टँडर्ड जाहीर केलं, दोन्हीकडे मॉडेलपुढे ठेवायच्या गोष्टी त्याच, टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटरचा जेसन स्कीमा, म्हणजे कुठला पॅरामीटर कुठल्या स्वरूपात द्यायचा त्याचा आराखडा. ऑफिसात नवीन आलेला पोरगा निदान शेजारच्याला विचारतो, 'अरे इथे कोड टाकू की वाक्य?' एजंटला तो शेजारी मिळत नाही.

बरं, मागून वेळेची खूण होतेय, त्यामुळे आता भराभर. त्या कीवर्ड सर्चसाठी मी असं लिहीन: 'बंद झालेली टिकिटं आणि रनबुकं शोधतं. चालू टिकिटं आणि लाइव्ह लॉग यात नाहीत. एरर कोड किंवा एररमधले शब्द लॉगमध्ये आहेत तसेच द्या, दोन ते चार, पूर्ण वाक्य नको, कारण सगळे शब्द जुळले तरच निकाल येतो. काही मिळालं नाही तर एक शब्द कमी करून पुन्हा शोधा. निकालात फक्त शीर्षक, आयडी आणि तारीख येते, पूर्ण मजकुरासाठी रनबुक वाचायचं टूल वापरा.' बस, पाचच वाक्यं.

लक्षणावरून शोधायचं असेल तर एम्बेडिंगवाला सर्च ठेवा की, पण वेगळं टूल म्हणून, आणि दोघांच्या डिस्क्रिप्शनमध्ये दुसऱ्याचं नाव घेऊन सांगा, कोड हातात असेल तर कीवर्डवाल्याकडे जा, नुसतं लक्षण असेल तर एम्बेडिंगवाल्याकडे. सर्व्हिसचं नाव मोकळं स्ट्रिंग ठेवू नका, स्कीमात यादीच द्या, नाहीतर एजंट 'पेमेंट', 'पेमेंट्स', 'पेमेंट-सर्व्हिस' असे अंदाज मारत बसतो.

आणि शून्य निकाल आला तर नुसती रिकामी यादी परत पाठवू नका. 'डेटाबेस चालू आहे, पण हे चारही शब्द एकत्र कुठेच नाहीत' हा एक निरोप, 'डेटाबेसपर्यंत पोचताच आलं नाही' हा दुसरा. रिकामी यादी बघून एजंट दोन्हीचा अर्थ 'नोंद नाही' असाच लावतो.

तपासायचं कसं, तर उत्तर आधीच माहीत असलेली जुनी टिकिटं घ्या, एजंटला द्या, आणि त्याचं शेवटचं उत्तर नंतर वाचा, आधी त्यानं टूलला नेमकं काय पाठवलं ते वाचा. तिथे अख्खं वाक्य दिसलं की कुठलं वाक्य दुरुस्त करायचं ते लगेच कळतं. चला, प्रश्न घेऊया.