सिमरोलचा घाट आणि आल्प द्युएझ

(दृश्य: पहाटेचे साडेपाच, इंदूर, खंडवा रोड. सायकलींच्या लाल दिव्यांची रांग.)

इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. इथून घाट गाठायचा म्हणजे आधी उतरायचं. सिमरोल, चोरल, बडवाह, नर्मदेचा पूल. आणि ऊन तापल्यावर तोच घाट चढून घरी. चढ कायम शेवटी, दमलेल्या पायांना. फ्रान्समधल्या ‘ला मार्मोत’ या सायकल शर्यतीची तयारी करायला याहून योग्य रस्ता मागूनही मिळायचा नाही.

‘ला मार्मोत’ १९८२ साली सुरू झाली. हौशी सायकलस्वारांसाठी एका दिवसात पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आणि सुमारे ५,००० मीटर चढ. ग्लांदों आणि तेलेग्राफ या खिंडी, २,६४२ मीटरवरची गालिबिए खिंड, आणि हे सगळं उरकल्यावर आल्प द्युएझचा चढ: १३.८ किलोमीटर, सरासरी ८ टक्के. तिथे पाय गळतात, पण चूक बहुधा सकाळीच झालेली असते. ग्लांदोंवर लावलेला जोर, टाळलेलं खाणं आणि न बदललेली कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) यांची वसुली आल्पवर होते.

(दृश्य: स्टँडवर सायकल. मागची कॅसेट जवळून.)

आधी गिअर. पुढे ३४ दाते, मागे सर्वांत मोठं चक्र २५ दात्यांचं, अशी सायकल सपाट रस्त्यावर छान पळते. ८ टक्के चढावर वेग ताशी ८ किलोमीटरवर आला, की त्याच गिअरमध्ये पेडल मिनिटाला ४६–४७ फेरेच घेतं. प्रत्येक फेरा ढकलावा लागतो. गुडघे आणि कंबर बोलू लागतात. मागे ३४ दाते घातले, तर त्याच वेगाला ६३ फेरे मिळतात. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो धरले, तरी या वेगाला दीडशे वॉटच्या आसपास ताकद लागते, तीही पावणेदोन तास. एवढी मोठी कॅसेट घ्यायला लाजू नये.

मात्र आखूड पिंजऱ्याचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ३४ दाते सहसा पेलत नाही. मध्यम किंवा लांब पिंजऱ्याचा लागतो. चेनही नव्यानं मापावी. जुनी चेन तशीच ठेवली आणि ती चुकून पुढच्या-मागच्या दोन्ही मोठ्या चक्रांवर एकदम चढली, की ताणते आणि डिरेलर किंवा तो जिथे टांगलेला असतो तो हँगर मोडतो. चेनची झीज फूटपट्टीवरही कळते. बारा जोड (आतली आणि बाहेरची कडी मिळून एक) बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. एक सोळांश इंच वाढ दिसली, की ११ गिअरची चेन बदलायची. नाहीतर ती नवी कॅसेट खाते.

(दृश्य: भरदुपारी सिमरोल घाट. कडेला ट्रक.)

मे महिन्यात रविवारी हा घाट तीन-चारदा चढावा. पहिला चढ शेजारच्याशी सलग बोलता येईल इतक्या सावकाश. शेवटच्या चढाला पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वेळ लागला, तर पहिला जोरात झाला, एवढाच अर्थ घ्यायचा. या घाटाची उणीव एकच, तो लवकर संपतो. सलग दीड तास पाय न थांबवण्याची सवय ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागीच चालवायच्या स्टँडवर, करावी. पुढच्या चाकाखाली वीट ठेवली, की बैठकही चढावरची होते.

खाणं पहिल्या तासापासून. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं: दोन केळी आणि गुळाच्या चिक्कीचा एक तुकडा. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लीटर, चिमूटभर मीठ घालून. निघण्याआधी दोन तास पोहे खावेत, वरची शेव कमी, जिलबी चालेल. भूक लागल्यावर खायचं ठरवलं, तर उशीर झालेला असतो.

(दृश्य: काढलेलं ब्रेक पॅड, सुईचं टोक.)

चढाइतकीच उताराची तयारी हवी. रिम ब्रेकच्या पॅडमध्ये ॲल्युमिनियमचे चमचमते कण रुततात आणि रिम कुरतडतात. ते सुईनं एकेक टोकरून काढावेत. उतारभर ब्रेक दाबून ठेवला, की रिम तापते, ट्यूब फुटते. डिस्क असेल तर तीही तापते. वळणाआधी दोन्ही ब्रेक दमदार दाबायचे, वळणात सोडायचे. मधल्या सरळ तुकड्यात चाकांना वारा लागू द्यायचा. ग्लांदोंच्या उतारावर इतके अपघात झाले, की तिथली वेळ शर्यतीत धरणंच बंद केलं. तिथे घाई करून मिळायचं काही नाही.

उन्हात तयार झालेल्या इंदूरकराला गालिबिएच्या माथ्यावरची थंडी आठवत नाही. घामानं ओली जर्सी, अंगावर येणारा वारा आणि पुढे तासाभराहून मोठा उतार. बोटं बधिर झाली, तर ब्रेक दाबला जात नाही. विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात हवेतच. त्या उतारावर बोगदे आहेत, म्हणून मागचा दिवाही.

(दृश्य: आल्पचं पहिलं वळण. पाटीवर २१.)

इथली वळणं खालून २१ पासून मोजतात, माथ्याजवळ १. पायथ्याचे पहिले दोन किलोमीटर सर्वांत उभे, १० टक्क्यांच्या आसपास. पायथ्यालाच दोन्ही बाटल्या भरायच्या, चेन ३४ वर टाकायची आणि कोणी पुढे गेलं तर जाऊ द्यायचं.