खोप्यातले भाडेकरू

मंडळी, तिळगूळ घ्या!

हिवाळ्यातली जनावरं आणि कविता, असा विषय मला दिलाय. आता खानदेशी माणूस बहिणाबाईंचं नाव न घेता यावर बोलणार तरी कसा? 'अरे खोप्यामधी खोपा' आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. पण हिवाळ्यात त्या खोप्याचं काय होतं, हे कुणी विचारलं का?

सुगरणीचं घरटं पावसाळ्यातलं. विणतो खरं तर नर, बाई फक्त पसंती देते. (आसोद्याच्या लेकीला, बहिणाबाईंना, त्यात आई दिसली, आणि कवितेपुरतं तेच खरं.) पिलं उडाली की खोपा रिकामा. जळगावकडे पारा ८-९ अंशांवर आला की बाबा बैलांच्या पाठीवर गोणपाट टाकायचे आणि आम्ही पऱ्हाट्यांची शेकोटी करून बसायचो. दिवस मावळता मावळता विहिरीवरच्या बाभळीत मुनिया यायच्या. एकीमागून एक, त्याच जुन्या खोप्यात. आत दाटीवाटीनं बसून रात्र काढायच्या. विणलं एकानं, ऊब दुसऱ्याला.

इथं अमेरिकेत, मिनेसोटात, माझ्या खिडकीबाहेर चिकडी नावाचं इवलं पाखरू येतं. वजन जेमतेम १०-१२ ग्रॅम. पिसं फुलवून लोकरीचा गुंडा होते, कारण पिसांत कोंडलेली हवाच तिची गोधडी. कडाक्याच्या रात्री तर अंगाचं तापमानच दहाएक अंशांनी उतरवते, म्हणजे चुलीतला जाळ मागं ओढल्यासारखं. सरपण सकाळपर्यंत पुरायला हवं ना! आणि इथला रानबेडूक? पाचोळ्याखाली चक्क गोठतो, काळीजही थांबतं. यकृतातून रक्तात साखर उतरते, म्हणून पेशी वाचतात, आणि वसंतात गडी पुन्हा डरांव डरांव करतो. त्याच्यावर ओवी जुळेना. चिकडीवर मात्र जुळली. जात्यावरची चाल धरा:

पिसं फुलव पाखरा, वारा आतमधी कोंड
हिव बाहेर बसलं, त्याचं पांढरं रे तोंड

माझी आजी थंडीला हिवच म्हणायची, तेही दारात येऊन बसलेल्या पाहुण्यासारखं. बर्फ तिनं कधी पाहिला नाही. ते पांढरं तोंड तेवढं माझं.

परवा भावाचा फोन आला. म्हणे, बाभळीवरचा एक खोपा काढून तुझ्या मंडळाला पाठवू का, शोभेला? म्हटलं, अजिबात नको. संक्रांत आहे, भाडेकरू आत असतील.