वाढ्याचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

साखर कारखाने सुरू झालेत. आष्ट्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागं अडकला असाल, तर मोळ्यांवर बसलेलं एखादं लेकरू तुम्हीही पाहिलं असेल. ऊसतोड मजुरांची अशी लेकरं दिवाळीनंतर आमच्या वाळवा तालुक्यातल्या शाळांत येतात. मी तिथं बरीच वर्षं मास्तरकी केली. आज माझी एक चूक सांगतो.

बीडकडची एक मुलगी तिसरीत येऊन बसली. रोज उशीर, आणि आली की दुसऱ्या तासाला डुलकी. एकदा मी खडू फेकून मारला. (हो, तेव्हा मारायचो.) पोरं हसली, तीही हसली.

मग एका सकाळी शाळेकडं जाताना ती फडात दिसली. आईबाप पहाटेपासून तोडीवर. झोळीत धाकटा भाऊ, आणि ही वाढ्याच्या, म्हणजे गुरांना घालायच्या उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधतेय. पाचटानं हात ओरबाडलेले. कोपीतल्या, म्हणजे त्यांच्या झोपडीतल्या, भाकरी आधीच थापून झाल्या होत्या. शाळा भरायच्या आत पोरीचा अर्धा दिवस राबून व्हायचा.

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तिला वर्गासमोर उभी केली, वह्या दिल्या आणि म्हणालो, "बघा रे, ही किती कष्टात शिकते." मोठं पुण्य केल्यासारखा घरी गेलो. त्यानंतर चार दिवस ती आलीच नाही. खडू खाऊनही येणारी पोर माझ्या कणवेनं घरी बसली.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं घराणं मूळचं आपल्याच ऐतवडे बुद्रुकचं. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, हे आपण दर जयंतीला ऐकतो. मला मात्र 'कमवा आणि शिका' जास्त विचारात पाडतं. राबून शिकणाऱ्या पोराला कुणापुढं मान खाली घालावी लागत नाही, हे कर्मवीर अण्णांनी ओळखलं होतं. डी.एड.ला मला ते कुणी शिकवलं नाही.

ती परत आली तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. फळ्यावर गणित घातलं : वाढं शेकड्याला अडीचशे, तर साठ पेंढ्यांचे किती?

"दीडशे," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "पन गुरुजी, गिऱ्हाईक वर चार पेंढ्या फुकट मागतंच की."

वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी म्हशी. ती पोरं लगेच भांडायला उठली, आमचे बाबा नाही फुकट मागत म्हणून! तास संपला तरी भाव ठरेना.

धाकट्यालाही घेऊन ये म्हटलं. तो माझ्या टेबलाखाली झोपायचा. वरच्या साहेबांकडून थोडी कुरकुर झाली, ती होतेच.

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला. निघायच्या दिवशी ती शिक्षण हमी कार्ड, म्हणजे पुढच्या शाळेत दाखवायचं कार्ड, न्यायला आली. मी नाव, इयत्ता, हजेरी भरली. तिनं ते उलटंपालटं करून वाचलं आणि परत माझ्यापुढं सरकवलं.

"गुरुजी, मला सतरापर्यंत पाढे येतेत. ते बी लिव्हा की."