हौदातली पट्टी आणि बसचा थांबा

श्रोतेहो, नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरात समर्थनगर, औरंगपुरा, उस्मानपुरा अशा मधल्या वस्तीत फ्लॅट बघायला गेलं की माणसं हॉल मोजतात, ओट्याचा दगड निरखतात, गॅलरीतून काय दिसतं ते बघतात. खाली पार्किंगमधल्या हौदाचं झाकण मात्र कुणी उघडायला लावत नाही. ते आधी उघडायला लावा.

आपल्याला पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं. शहर धरणापेक्षा बरंच उंचावर, त्यामुळं ते उपसूनच आणावं लागतं. मलिक अंबरची जुनी भुयारी नहर उताराच्या जोरावर वाहायची; आपलं पाणी विजेवर चालतं. वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की पाण्याचा टप्पा, म्हणजे नळाला पाणी यायचा दिवस, पुढं सरकलाच.

आता हिशोब करू. वीस फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे 80 जण. माणशी दिवसाला 135 लिटर धरलं तर रोज 10,800 लिटर. पाणी पाचव्या दिवशी येत असेल तर एका टप्प्याला 54,000 लिटर लागणार. सहा मीटर लांब, तीन रुंद, तीन खोल हौद नेमका तेवढाच. पण वरची एक वीत मोकळी सोडावी लागते, आणि तळाचा गाळ मोटरीनं ओढू नये म्हणून खालचंही थोडं पाणी सोडून द्यावं लागतं. हाताशी येतं ते 45 हजारांच्या आसपास. बिल्डरच्या पत्रकात छापलेला आकडा काठोकाठचा असतो.

हौद मोठा म्हणजे पाणी भरपूर, असंही नाही. अर्ध्या इंची नळाला मिनिटाला 15 लिटरची धार धरा. पाऊण तास पाणी आलं तर एका नळाचे 675 लिटर, वीस नळांचे साडेतेरा हजार. उरलेले चाळीस हजार लिटर म्हणजे दहा हजारांचे चार टँकर, दर पाच दिवसांनी! ही धार खरी किती, ते मोजायला हौदात सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी सोडा. याच हौदात पाणी एक सेंटिमीटर चढलं की 180 लिटर आले. पाणी सुटायच्या आधी आणि बंद झाल्यावर आकडा लिहा. पाणीपट्टी सगळे भरतात, ही पट्टी फार थोडे वाचतात.

धार कमी दिसली की कुणीतरी थेट नळाच्या लाइनीलाच मोटर लावतं. त्यानं शेजाऱ्याचं पाणी तुटतं हे दिसतं. न दिसणारी गोष्ट जास्त वाईट: लाइनीतला दाब उलटा होतो आणि गळक्या सांध्यांतून बाहेरचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. मग जुलाब होतात आणि खापर फुटतं कॉर्पोरेशनच्या पाण्यावर. मोटर हौदातूनच वर टाकीत उपसणारी हवी.

बोअरच्या भरवशावर राहू नका. मराठवाड्याच्या काळ्या खडकात पाणी झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. भेग लागली नाही तर आणखी शंभर फूट खाली जाऊनही धूळच निघते. मात्र फ्लशसाठी बोअरची लाइन वेगळी असेल तर नळाचं बरंच पाणी वाचतं. गच्चीचं पाणीही वाया घालवू नये. 300 चौरस मीटर गच्ची आणि वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला तर गळती-उडती वजा जाता दीड लाखावर लिटर मिळतात. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, पुढचं वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरजवळच्या खड्ड्यात जिरवा.

हौदाचं झाकण फरशीच्या बरोबरीनं असेल तर पार्किंग धुतलेलं पाणी आत जातं. ते चार बोटं उंच हवं. ड्रेनेजचं चेंबर हौदाला खेटून नको. हौद गळत असेल तर ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बिल्डरला लेखी कळवा. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा, त्याप्रमाणं बिल्डरनं बांधकामातला असा दोष तीस दिवसांत विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो. भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याच्या दाखल्याची, प्रत घ्या. आणि हो, उघडं पार्किंग त्याला विकता येत नाही.

पार्किंगवरून बसकडं येऊ. मधल्या वस्तीत राहायचं ते दुसरी गाडी घ्यावी लागू नये म्हणून. थांबा चारशे मीटरवर, म्हणजे पाच मिनिटांच्या चालीवर असला तर घरातली म्हातारी माणसंही बसनं जातात. पण येतानाचा थांबा रस्त्यापलीकडं असतो, हे विसरलं जातं. जालना रोड ओलांडायला किती वेळ लागतो, ते संध्याकाळी सहाला स्वतः ओलांडून बघा. मग त्या थांब्यावर सकाळी आठ ते नऊ उभं राहून बस मोजा. तासाला तीन आल्या तर सरासरी दहा मिनिटं वाट बघावी लागणार. तिन्ही एकापाठोपाठ आल्या तर त्याहून बरीच जास्त. रात्री आठनंतर पुन्हा एकदा जा. घरात कुणी वाळूज किंवा शेंद्र्याला कारखान्यात पाळीवर जाणारं असेल, तर दुसरी पाळी सुटल्यावर घरी कशानं यायचं, ते टोकन देण्याआधी ठरवा.

नमस्कार.