दुसरी नळी गप्प का बसली?

(दृश्य : दिल्ली, तुघलकाबादची डॉ. कर्णी सिंग शूटिंग रेंज. खंदकातून नारिंगी बर्ड, म्हणजे नेमाची तबकडी, सुटतो. एक बार होतो. बर्ड शाबूत पुढे जातो.)

निवेदन :
दुसरा बार व्हायला हवा होता. झालाच नाही.

महाराष्ट्रात नेमबाजी म्हटलं की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे ही नावं आठवतात. ही सगळी रायफलची मंडळी. शॉटगनचं जग वेगळं. इथे 110 मिलिमीटरची तबकडी हवेत फोडायची असते आणि ट्रॅप या प्रकाराच्या पात्रता फेरीत एका बर्डला दोन काडतुसं मिळतात. म्हणून बंदूक बारा बोअरची, एकावर एक दोन नळ्यांची. चाप मात्र एकच.

बार झाला नाही, तर पहिली गोष्ट म्हणजे नळीचं तोंड रेंजकडेच ठेवायचं आणि बोट चापावरून काढायचं. कधीकधी काडतूस उशिरा पेटतं. सरावात निदान अर्धा मिनिट थांबायचं. स्पर्धेत तर बंदूक उघडायचीच नाही. हात वर करायचा, पंच येऊन बघतात. घाईने उघडलीत, तर बिघाड खरा असला तरी तो तुमच्या खात्यावर जातो.

आणि बार फुसका वाटला असेल, तर दुसरा मारायचाच नाही. वॉड, म्हणजे काडतुसातला छऱ्यांमागचा बोळा, नळीत अडकलेला असू शकतो. त्यामागून पुढचं काडतूस उडवलं, तर नळी फाटते.

(दृश्य : न उडालेल्या काडतुसाचं पितळी बूड, अगदी जवळून.)

आता हे प्राइमर, म्हणजे बुडाच्या मधली ठिणगी देणारी टोपी, बघा. मधोमध खोल, गोल खळगा असेल, तर बंदुकीने आपलं काम केलंय आणि काडतूसच खराब निघालंय. खळगा उथळ असेल, तर प्राइमरवर आपटणारी फायरिंग पिन झिजलेली, तिला ठोकणाऱ्या घोड्याची स्प्रिंग थकलेली किंवा आत काजळी साचलेली.

इथे तर खूणच नाही. चाप दाबल्यावर ‘खट’ असा आवाजही आला नव्हता. म्हणजे दुसरा घोडा पडलाच नाही.

अशा वेळी बहुतेक जण दुसऱ्या नळीकडे संशयाने बघतात. माझ्या मते चौकशी पहिल्या नळीपासून करावी. बेरेटा 686 सारख्या बंदुकांत इनर्शिया ट्रिगर असतो. पहिल्या बाराचा धक्का बसला की आतला एक ठोकळा हलतो आणि चाप दुसऱ्या घोड्याशी जोडला जातो. धक्का कमी पडला की जोडणी नाही. 24 ग्रॅम छऱ्यांचं हलकं काडतूस, दस्त्यामागे जाड रबर आणि त्या ठोकळ्यावर चिकट झालेलं जुनं तेल, एवढं एकत्र आलं की पुरे. पहिलं काडतूस फुसकं निघालं, तर दुसरं उडणारच नाही, आणि तो बंदुकीचा बिघाड म्हणायचा नाही. ब्राउनिंग सिटोरी 725 चा ट्रिगर मेकॅनिकल असतो, त्याला धक्क्याची गरज नसते.

(दृश्य : कार्यशाळा. रिकाम्या बंदुकीत डमी काडतुसं.)

तपासणी सोपी आहे. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री, मग डमी भरायच्या. चाप दाबा : खट. दाबलेलाच ठेवून दस्त्याच्या रबरावर तळहाताने जोरात थाप मारा. चाप सोडा, पुन्हा दाबा. दुसरा खट आला, तर यंत्रणा शाबूत आहे.

मग उरतो नेमबाज. घाईत चाप पुरता सुटत नाही आणि बोट पुन्हा दाबायला जातं. काहींचा अंगठा सेफ्टीवरचं नळी निवडायचं बटण अर्धवट सरकवून ठेवतो. कोणी मान्य करत नाही, पण व्हिडिओत दिसतं.

सिअर, म्हणजे घोडा अडवून धरणारा खटका, घरी कानशीने घासायचं मात्र मुळीच नाही. चाप हलका होतो खरा, पण दोन्ही नळ्या एकदमच उडू शकतात. शिवाय आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, तेव्हा काम परवानाधारक कारागिराकडेच. पेराझीच्या एमएक्स 8 मध्ये ट्रिगरचा संच सुटा निघतो, त्यामुळे जवळ दुसरा असला की तिथल्या तिथे बदलता येतो. 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकसाठी घडवलेली बंदूक ती.

(दृश्य : पुन्हा रेंज. बर्ड फुटतो. लगेच दुसरा बार, तुकड्यावर.)

पहिल्याच बाराला बर्ड फोडणाऱ्याला दुसरी नळी आठवडाभर लागतही नाही, तिचा बिघाड कळणार कसा? म्हणून सरावात असा तुकड्यावर दुसरा बार मारतात. हातचा ताल टिकतो आणि दुसरी नळी चालते की नाही, तेही रोज कळतं.