वसमतची हळद आणि कॅन्सरचं औषध

(वसमत येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, हे हळकुंड येताना मोंढ्यातून आणलं. मोडून दाखवतो. कट्कन आवाज आला ना? आत केशरी रंग. शिजवण नीट साधली की माल असा होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. भौगोलिक मानांकन मिळालेल्या तुमच्या हळदीबद्दल वसमतमध्येच उभं राहून बोलायचं, म्हणजे शब्द जपून वापरावा लागतो. पण मला विचारलंय ते सरळ आहे: हळदीनं कॅन्सर बरा होतो का? सरळच सांगतो, आजवर तसं सिद्ध झालेलं नाही.

मग मोबाइलवर रोज येतं ते काय? त्यात थोडं खरं आहे. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनमुळे येतो. चांगल्या हळदीत ते शंभराला तीन ते पाच भाग असतं. बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर ते टाकलं की पेशी मरतात. हे प्रयोग खोटे नाहीत. पण हळदीत चुना कालवला की काय होतं? लाल होतं, कुंकू होतं. कर्क्युमिन असं आहे. ज्याला त्याला चिकटतं, रंग पालटतं, लवकर मोडतं. प्रयोगशाळेत अनेक चाचण्यांमध्ये चमक मोजतात, आणि हे स्वतःच चमकतं. त्यामुळे मोजमाप फसतं. २०१७ साली काही रसायनशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन चाळून हेच दाखवलं. माणसांवरच्या शंभराहून जास्त चाचण्या होऊनही, औषध आणि खोटी गोळी कोणाला दिली हे डॉक्टर-रुग्ण दोघांपासून लपवून केलेल्या एकाही चाचणीत कर्क्युमिन यशस्वी ठरलं नव्हतं.

दुसरी अडचण पोटातली. अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तीन टक्क्यांनी हिशेब करा: रोज पाव किलोच्या वर हळदपूड! तरी रक्तात उतरलं ते नॅनोग्राममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत. ज्यांच्यावरचा परिणाम तपासता आला त्या एकवीस जणांपैकी दोघांमध्येच काही फरक दिसला. मिरीतलं पायपरिन घातलं की कर्क्युमिन जास्त शोषलं जातं, म्हणून कॅप्सूलमध्ये दोन्ही घालतात. पण अशा कॅप्सूलनं काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

झाडापासून कॅन्सरचं औषध होतच नाही, असं मात्र नाही. तुमच्या अंगणातली सदाफुली बघा. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे संशोधक तिच्या पानांचा अर्क उंदरांना देत होते, साखर उतरते का ते बघायला. जमैकात लोक साखरेसाठी तिचा काढा पीत. साखर उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. कॅन्सरमध्ये पेशी बेसुमार वाढतात, आणि हा अर्क तर पेशी घटवत होता. तिथून १९५८ साली विन्ब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध हाती आलं. पाठोपाठ विन्क्रिस्टिन आलं. ते आजही लेकरांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये शिरेतून देतात. पेशी दोन होताना आत ज्या बारीक नळ्या तयार होतात, त्या हे जुळू देत नाही. पेशी मधेच अडकते आणि मरते.

आता माप ऐका. १ ग्रॅम विन्ब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. विन्क्रिस्टिन तर मोठ्या माणसालाही एका वेळी बहुधा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. तेवढ्यानंही बोटं बधिर होतात, आतडी मंदावतात. शिरेऐवजी चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर जीव जातो. म्हणून साखरेसाठी ती पानं चावणाऱ्यांना मी हात जोडतो: ती पानं विषारी आहेत, चावू नका.

माझ्या चुलतीच्या छातीत हरभऱ्याएवढी गाठ होती. दुखत नव्हती. कोणीतरी सांगितलं म्हणून आठ महिने हळद आणि कसलासा काढा घेतला. आम्ही शिकलेले पुतणे गावात येत-जात होतो, पण आम्हाला कळूच दिलं नाही. दवाखान्यात नेलं तोवर काखेत गाठी उतरल्या होत्या. हळदीनं तिचं काही बिघडवलं नाही, पण ते आठ महिने गेले. मी रसायनशास्त्र शिकवत होतो आणि माझ्याच घरात हे झालं. म्हणून बोलावलं तिथे जातो.

तेव्हा गाठ लागली, तोंडात पांढरा-लाल चट्टा आला, फोड दोन आठवड्यांत भरला नाही, तर तपासून घ्या. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. भाजीत हळद घाला, दुधात घ्या, त्याला कोण नाही म्हणतंय? पण जाताना घरातल्या कॅप्सूलच्या डब्या, काढ्याच्या पुड्या, सगळं एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. रागावतील म्हणून लपवू नका.